दुकानदार गोड बोलणारा असो की खेकसणारा, पक्की पावती घ्याच!

शिरपूर जैन : गावात ओळखीचा कृषी केंद्रवाला ‘या भाऊ, बसा’ म्हणतो, चहा पाजतो, उधारही देतो. मग पावती मागायला संकोच वाटतो. दुसरा ‘घ्यायचं तर घ्या’ म्हणून खेकसतो. तिथं मागायची भीती वाटते. नुसतं खेकसणं हा गुन्हा नाही. मात्र पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणंही बेकायदेशीर.

सोयाबीन उगवलंच नाही, तर चहा कामी येत नाही, पावतीच येते. पावती, पिशवी, टॅग आणि थोडं बियाणं जपून ठेवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करा. इतर खरेदीसाठी ग्राहक हेल्पलाइन : १९१५.