उभ्या सॉफ्टवेअरचा मुनवा

खायच्या केळीत बी धरत नाही. म्हणून रावेर-यावलकडचा शेतकरी उभ्या खोडाशेजारचा मुनवा कंदासकट काढतो आणि दुसऱ्या शेतात लावतो. लिनक्सवर चालत्या सॉफ्टवेअरचाही असा मुनवा काढता येतो हे कळलं, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

जेंटू हा लिनक्सचा एक हट्टी प्रकार. पहिली आवृत्ती २००२ची. सॉफ्टवेअर आयतं घ्यायचं नाही, सोर्स कोड आणून आपल्याच मशिनवर कम्पाइल करायचं, हा तिथला जुना रिवाज. ब्राउझरसारखं मोठं प्रकरण असलं की जुन्या कॉम्प्युटरचा पंखा तासन् तास घोंगावतो, आणि मध्येच लाइट गेली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात.

समजा, जळगावातल्या मशिनवर हे दिव्य पार पडलं. तेच सॉफ्टवेअर धुळ्यातल्या तशाच मशिनवर हवंय. ‘क्विकपीकेजी’ टाइप करायचं, पुढे प्रोग्रामचं नाव. थोड्याच वेळात पॅकेज तयार. पेन ड्राइव्ह खिशात टाकून पारोळ्यामार्गे एसटीनं धुळं गाठा, काम झालं.

पण डिस्कवर लाखो फायली विखुरलेल्या असतात. कोणती कोणाची, हे क्विकपीकेजीला कळतं कसं? इथेच खरी गंमत आहे. जेंटू इन्स्टॉल करतानाच तलाठ्यासारखं दप्तर ठेवतो. प्रत्येक प्रोग्रामचं एक खातं, त्यात ‘कन्टेन्ट्स’ नावाची साधी यादी. एका ओळीत एक फाइल: तिचा पत्ता, मजकुरावरून काढलेला ३२ अक्षरांचा ठसा, आणि ती शेवटची कधी बदलली ती वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. क्विकपीकेजी हा सातबारा वाचतो, त्यावरच्या फायली गोळा करतो आणि दप्तराची नक्कलही त्याच गाठोड्यात बांधतो. म्हणून तर दुसऱ्या मशिनला ते परकं वाटत नाही.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांत हेच काम डीपीकेजी-रिपॅक करतो, आरपीएम पॅकेजं वापरणाऱ्या कुळात आरपीएम-रिबिल्ड.

मुनव्याबरोबर मूळ झाडाचा व्हायरस नव्या शेतात जातो, तसंच इथेही. आपण एखादी फाइल हातानं बदलली असेल किंवा ती खराब झाली असेल, तर तीच पुढे जाते. सेटिंगच्या फायली मात्र क्विकपीकेजी आपणहून वगळतो, कारण त्यांत पासवर्ड असू शकतात. हा शहाणपणा मला फार आवडला. आणि जळगावचं मशिन नवं, त्याच्याच प्रोसेसरसाठी खास कम्पाइल केलेलं असेल, तर धुळ्याच्या जुन्या मशिनवर प्रोग्राम उघडताक्षणी कोसळू शकतो.

डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनंही तयार पॅकेजेसचं मोठं भांडार खुलं केलं. तरी मोठं अपडेट चालवण्याआधी चालू आवृत्तीचं गाठोडं बांधून ठेवाच. नवं बिघडलं, तर जुनं परत बसवायला कम्पाइल करावं लागणार नाही.