उद्या शाळा आहे, आज जेवायला काय?

संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास शाळकरी मुलांच्या घरात फार घाईचे असतात. नोकरीवरून परतलेल्या आईच्या खांद्यावरची पर्स अजून उतरलेली नसते, तोच धाकट्याची गणिताची वही पुढे येते. थोरलीला उद्यासाठी चार्टपेपर हवा असल्याचे नेमके आत्ताच आठवते. आणि दोघांच्याही तोंडी एकच प्रश्न असतो, ‘आज जेवायला काय?’

रायपूरच्या मराठी घरांतही याहून वेगळे घडत नाही. चौबे कॉलनी असो, तात्यापारा असो की शंकरनगर, सकाळी सातच्या सुमारास शाळेची बस गाठायची तर मुले रात्री साडेनऊपर्यंत अंथरुणात शिरलेली बरी. म्हणजे आठ-सव्वाआठला पाने वाढली गेली पाहिजेत. जेवणाला साडेनऊ वाजले की पुढचे सगळेच बिघडते. पेंगुळलेले मूल दोन घास कसेबसे गिळते, नाहीतर त्याआधीच बिस्किटांचा पुडा संपवून मोकळे होते. गृहपाठ अर्धा राहतो, सकाळी डोळे उघडत नाहीत आणि आईचा आवाज मात्र चढत जातो.

अशा वेळी हात सहज जातो तो तयार नूडल्सच्या पाकिटाकडे. एखाद्या दिवशी त्यात काही बिघडत नाही. पण आठवड्यातून तीनदा तेच होऊ लागले तर मुलांच्या पोटात मैदा आणि मीठच जास्त जाते, डाळ आणि भाजी मागे पडते. खरे तर झटपट स्वयंपाकासाठी नवे काही शोधण्याची गरज रायपूरच्या मराठी गृहिणीला नाही. तिच्या हाताशी एक नव्हे, दोन घरांची शिदोरी आहे. एक माहेर-सासरहून आलेली वऱ्हाडी-नागपुरी, आणि दुसरी शेजारच्या छत्तीसगढी बाईने ओट्यापाशी उभे राहून शिकवलेली.

ही शेजारधर्माची ओळख जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रायपूरला हलवले. पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाचीही राजधानी होती. कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले नोकरदार अशी मराठी कुटुंबे येत राहिली आणि इथलीच झाली. महाराष्ट्र मंडळात गणपतीला मोदक होतात, पण मंगळवारच्या रात्री घरात जे शिजते त्यात भाताचा वाटा मोठा असतो. धानाच्या कोठारात राहायचे आणि भाताला नावे ठेवायची, हे कसे जमणार?

सकाळचा कुकर, रात्रीची सोय

झटपट जेवणाचे गुपित संध्याकाळी नाही, सकाळी असते. डब्यासाठी कुकर लावताना तांदूळ दोन वाट्या जास्त आणि तुरीची डाळ एक वाटी जास्त टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. गॅसही तेवढाच जळतो. संध्याकाळी शिजलेला भात आणि घोटलेले वरण तयार मिळाले की निम्मा स्वयंपाक झालाच.

पण इथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ‘भात काय, राहतो दिवसभर’ असे म्हणून पातेले ओट्यावर झाकून ठेवू नये. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजकण शिजवल्यावरही टिकून राहतात. उबदार हवेत भात तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या सुरू होतात आणि दोष मात्र शाळेबाहेरच्या पाणीपुरीला दिला जातो. रायपूरचा मे महिना ४४ अंशांच्या आसपास जाणारा, तेव्हा ही काळजी जास्तच हवी. भात शिजल्यावर परातीत पसरून निववावा, तासाभरात झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा आणि त्याच रात्री संपवावा. वीज फार वेळ गेली असेल तर तो भात न वापरलेलाच बरा.

फ्रीजमधला भात घट्ट होतो, दाणे सुटे होतात. फोडणीच्या भाताला हेच तर हवे असते! मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, उभा चिरलेला कांदा, मूठभर शेंगदाणे आणि फ्रीजमध्ये सापडतील ते मटार किंवा किसलेले गाजर. भात नीट वाफ येईपर्यंत परतायचा. वर लिंबू पिळायचे आणि सोबत दही द्यायचे. पंधरा मिनिटांत चार पाने होतात.

रायपूरच्या बाजारात मिळणारा एचएमटी तांदूळ या कामी उत्तम, कारण तो बारीक आणि मोकळा शिजतो. या तांदळाशी मराठी माणसाचे नाते आणखी वेगळे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या लहानशा गावातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून हे वाण तयार केले. त्या काळी हातावर मिरवणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. खोब्रागडे २०१८ साली गेले, पण त्यांचा तांदूळ रोज असंख्य कुकरमध्ये शिजतो आहे. सुवासिक नगरी दुबराज रविवारसाठी राखून ठेवावा. त्याला फोडणी घालणे म्हणजे अत्तर विहिरीत ओतणे.

शेजारणीचा फरा

उरलेल्या भाताचा छत्तीसगढी अवतार म्हणजे फरा. मराठी घरांत तो आता इतका रुळला आहे की मुले डब्यातही मागतात. दोन वाट्या भात हाताने चांगला कुस्करावा. त्यात एक ते दीड वाटी तांदळाचे पीठ आणि मीठ घालावे. लागेल तसा कोमट पाण्याचा हात लावून मऊ मळून घ्यावे. तळहातावर वळून बोटाएवढ्या लांबट वळकट्या कराव्यात. मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात चाळणी ठेवून दहा-बारा मिनिटे वाफवाव्यात. मग कढईत दोन चमचे तेलावर मोहरी, पांढरे तीळ, कढीलिंब आणि हिरवी मिरची घालून फरे अलगद परतावेत. तीळ तडतडले की ओट्यापाशी गर्दी होते.

यात तळण नाही, मैदा नाही, आणि वळकट्या वळण्याचे काम मुलांना देता येते. सात-आठ वर्षांचे मूल पाढे म्हणत म्हणत वीस फरे वळून ठेवते. पहिले चार वाकडे होतात, होऊ द्यावेत. मात्र फरा आणि चटणी एवढ्यावर जेवण उरकू नये. सकाळचे वरण पातळ करून त्याला लसणाची फोडणी द्यावी आणि ती आमटी वाटीत वाढावी. भाताबरोबर डाळ पोटात गेली तरच वाढत्या मुलांच्या अंगी लागते.

भात उरलाच नसेल, तर चीला. तांदळाचे पीठ, मीठ आणि पाणी एवढ्यावर होणारे हे धिरडे भंडारा-गोंदियाकडच्या आयत्यांचे सख्खे भावंड. पीठ ताकाइतके पातळ हवे, तवा चांगला तापलेला हवा. त्यात वाटीभर बेसन, चिरलेला कांदा, कोथिंबीर किंवा बारीक कापलेली लाल भाजी मिसळली की पौष्टिकपणा वाढतो. लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, रायपूरच्या बाजारात ढिगाने असतो. पहिला चीला तव्याला चिकटतोच. तो स्वयंपाक करणाऱ्याने तिथेच खाऊन टाकावा.

ज्यांना हे पदार्थ आधी चाखून मग घरी करायचे असतील त्यांच्यासाठी शहरात एक चांगली सोय झाली. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली ‘गढकलेवा’ सुरू झाले आणि तिथे बचत गटातल्या स्त्रियांच्या हातचे फरा, चीला, चौसेला ताटात मिळू लागले. घरचेच म्हणून ज्यांकडे दुर्लक्ष व्हायचे, ते पदार्थ लोक पैसे देऊन खाऊ लागले. २०२२ च्या कामगार दिनी तर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे बोरे-बासी, खाण्याचे जाहीर आवाहन केले होते. शेतकऱ्याच्या न्याहारीला असा मान मिळाला, हे छानच झाले. पण बासी हे सकाळचे खाणे, शाळेच्या रात्रीसाठी ते नाही.

नागपूरच्या डब्यातून

आता माहेरची बाजू. नागपूरहून रेल्वेने येणाऱ्या आजीच्या पिशवीत भाजणीचा डबा ठरलेला असतो. भाजणी घरात असली की थालीपीठ वीस मिनिटांचे काम. कांदा, तिखट, मीठ घालून मळायचे, ओल्या फडक्यावर थापायचे आणि तव्यावर टाकायचे. सोबत लोणी किंवा दही असले की दुसऱ्या भाजीची आठवण कोणी काढत नाही.

गोळाभात मात्र अजून थोडा मान मिळवण्याच्या लायकीचा आहे. वऱ्हाडाबाहेर त्याची ओळख कमी, आणि खुद्द वऱ्हाडी घरांतही तो पाहुण्यांपुरता उरला आहे. वास्तविक तो घाईच्या रात्रीचाच पदार्थ. दीड वाटी भरड बेसनात तिखट, हळद, ओवा, मीठ आणि तीन चमचे गरम तेल घालावे, पाण्याच्या हबक्याने घट्ट भिजवावे आणि लिंबाएवढे गोळे करावेत. दोन वाट्या तांदळाचा भात पातेल्यात शिजत ठेवावा. पाणी आटत आले की गोळे भातावर ठेवून झाकण लावावे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफ येऊ द्यावी. ताटात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वर लसूण-सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी घ्यायची. लहानांच्या ताटात तिखट फोडणीऐवजी तूप घालावे. भात आणि डाळ एकाच पातेल्यात झाली, वर भाजी चिरायचा त्रासही वाचला. गोळे शिजेपर्यंत तिसरीतल्या मुलाचे शुद्धलेखन तपासून होते.

वरणफळांचेही तसेच. सकाळची कणीक आणि सकाळचे वरण उरले असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. वरणात चिंच, गूळ आणि गोडा मसाला घालून ते उकळत ठेवावे. लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे काप करून त्यात एकेक सोडावेत. एकदम सोडले तर त्यांचा गोळा होतो, आणि मग घरातले ‘हे काय?’ असे विचारतात.

हे सारे ठीक, पण कितीही झटपट पदार्थ सांगितले तरी ओट्यापाशी एकटीच बाई उभी राहणार असेल तर तिची संध्याकाळ काही मोकळी होत नाही. दोघे नोकरी करतात, दोघेही दमून येतात, मग एकाने वर्तमानपत्र उघडायचे आणि दुसरीने गॅस पेटवायचा, हे कुठवर? कुकर लावायला पाककलेचे शिक्षण लागत नाही. जो आधी घरी पोचेल त्याने डाळ-तांदूळ धुवावेत, असा साधा नियम केला तर पाऊण तास वाचतो. तोच पाऊण तास मुलांच्या वाट्याला येतो. रायपूरच्या कित्येक घरांत आजोबा लसूण सोलतात आणि नातवंडांकडून कविता पाठ करून घेतात. त्यात कोणाचा मानही जात नाही.

आणि शेवटी चटणी, जी फऱ्यालाही चालते, चीलालाही आणि थालीपिठालाही. छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात. चार पिकलेले पताल, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या गॅसवर जाळी ठेवून भाजाव्यात. टोमॅटोची साल काळी पडली की काढून टाकावी. मीठ आणि भरपूर कोथिंबीर घालून पाट्यावर किंवा खलबत्त्यात जाडसर ठेचावे. मिक्सरमध्ये केली तर एकदाच फिरवावी, नाहीतर तिचे सूप होते. वाटीभर उरली तर फ्रीजमध्ये ठेवावी, सकाळच्या डब्यातल्या पराठ्याला उपयोगी पडते.