बिसलेरी की साधं?

नागपूर-भंडारा हायवेवरच्या शहापूरला एक ग्लास पाणी प्यायचं होतं, बस्स! पण नळाचं, जारचं की बाटलीचं, या एका प्रश्नानं अख्खा वीकएंड खाल्ला...

सीन नेहमीचाच. तुम्ही हॉटेलात शिरता, खुर्ची ओढता, मोबाइल टेबलवर ठेवता आणि मेन्यू कार्डाच्याही आधी वेटरचा प्रश्न येतो, ‘बिसलेरी की साधं?’ प्रश्न साधा नाही, पूर्ण परीक्षा आहे. ‘साधं’ म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. समोर क्लायंट असेल तर आपण हळूच ‘बाटली आणा’ म्हणतो, आणि डेट असेल तर ‘साधं’ हा शब्द तोंडातून निघतच नाही. येते ती बाटली बिसलेरीचीच असते असंही नाही. पण ‘झेरॉक्स’सारखं हे नावही आपण सगळ्याच कंपन्यांना वाटून टाकलंय.

नाव मूळचं इटालियन. १९६५ मध्ये मुंबईत हे पाणी काचेच्या बाटल्यांमधून विकायला आलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे फाइव्ह स्टार हॉटेलं आणि परदेशी पाहुणे. १९६९ मध्ये पार्लेनं ब्रँड विकत घेतला. पुढे प्लॅस्टिकची बाटली आली आणि पाणी टपरीपर्यंत पोहोचलं. आता तर ते थेट माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात पोहोचलंय!

मावशी शहापूरला राहते. आपलं भंडाऱ्याचं शहापूर, ठाण्याचं नव्हे. नागपुरातून निघालं की मौद्याला कन्हान ओलांडायची आणि भंडारा यायच्या जरा आधी उतरायचं. जवळच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, गावात इंजिनीअरिंग कॉलेज, हायवेला लागून ढाबे, चहाच्या टपऱ्या आणि टपऱ्यांसमोर उन्हात रचलेले पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स. मी सवयीनं एक बाटली घेतली आणि घरी पोहोचले. मावशीचं लक्ष माझ्याआधी बाटलीकडे गेलं.

‘काऊन वं, घरचं पाणी नाही चालत काय आता?’

मी ओशाळले. पण खरी गंमत पुढेच होती. मावशीनं मला पाणी दिलं ते कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या जारमधून. निळा, थंडगार, खाली तोटी असलेला. काका आणि ती स्वतः मात्र नळाचं पाणी पीत होते, पितळेच्या गुंडात भरून ठेवलेलं. म्हणजे जार पाहुण्यांसाठी आणि नळ घरच्यांसाठी. सोफ्यावरचं चांगलं कव्हर पाहुणे आले की काढतात ना, तसंच. मी विचारलं, ‘जार येतो कुठून?’ ‘गाडीवाला पोरगा आणून देते.’ ‘आणि तो कुठून आणतो?’ मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

डोक्यातून मात्र तो गेला नाही. तिघं एकाच घरात बसून पाणी पीत होतो, आणि कोणाच्या ग्लासातलं पाणी कोणी तपासलंय हे तिघांनाही माहीत नव्हतं.

जारचं गौडबंगाल

आधी जार. सगळ्यांत जास्त विश्वास त्याच्यावर, आणि सगळ्यांत कमी माहितीही त्याचीच. सीलबंद बाटलीला किंवा सीलबंद जारला अन्नसुरक्षेचा कायदा लागू होतो. एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख, सगळं छापावं लागतं. पण आपल्याकडे ऑफिसात, लग्नात, हॉस्टेलवर येणारा थंड पाण्याचा जार बहुतेक वेळा सुटा असतो. सील नाही, लेबल नाही, वर नुसतं झाकण दाबलेलं. सील नाही म्हणजे ‘पॅकेज्ड’ नाही, आणि पॅकेज्ड नाही म्हणजे तो कायद्याच्या फटीतून अलगद सटकतो. आत बहुधा बोअरचं पाणी असतं, आरओमधून काढून चिलरमध्ये गार केलेलं.

गार असणं आणि शुद्ध असणं यांचा काही संबंध नाही, हे आपल्याला कळतं. जिभेला कळत नाही! आणि एक बारकी गोष्ट आहे. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा जो वास येतो, ज्याला आपण नाक मुरडतो, तो त्या पाण्याचा बॉडीगार्ड आहे. वाटेत, टाकीत, गुंडात कुठे जंतू शिरले तरी उरलेलं क्लोरिन त्यांच्याशी भांडतं. म्हणून तर घरच्या नळाशी पोहोचेपर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं असं मानक सांगतं. आरओच्या पाण्यात हा बॉडीगार्ड नसतो. त्यामुळे जार नीट धुतलेला नसेल, तोटीला बुरशी धरली असेल किंवा कोणी उघड्या जारात ग्लास बुडवला असेल, तर जंतूंना रान मोकळं. हॉस्टेलवरच्या पोरापोरींनो, तुमच्या जारची तोटी आतून शेवटची कधी धुतली?

बाटलीवर काय लिहिलंय?

बाटली त्यामानानं सभ्य. पण आपण तिला ‘मिनरल वॉटर’ म्हणतो ते बहुतेक वेळा चूक असतं. लेबल वाचा, ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे बोअरचं किंवा नळाचंच पाणी, प्रक्रिया करून भरलेलं. नैसर्गिक झऱ्याचं मिनरल वॉटर हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचं मानकही वेगळं.

फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली आणि मुंबई परिसरातल्या बाटल्या तपासल्या आणि त्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. केवढा हलकल्लोळ झाला होता! कारण मात्र अगदी सरळ होतं. कंपन्या पाणी जमिनीतून उपसत होत्या आणि शेतात फवारलेलं जमिनीत मुरत होतं. त्यानंतर कीटकनाशकांचे नियम कडक झाले. अलीकडे नियम पुन्हा हलले आहेत. २००१ पासून बाटलीवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा होता. ती सक्ती एफएसएसएआयनं ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आणि पुढच्याच महिन्यात बाटलीबंद पाणी ‘हाय रिस्क’ खाद्यपदार्थांच्या यादीत टाकलं. म्हणजे शिक्का ऐच्छिक, पण दरवर्षी ऑडिट.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीतल्या पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिकचे कण मोजले, बहुतेक नॅनो आकाराचे. त्यांनी शरीराचं नेमकं काय होतं याचं पक्कं उत्तर अजून शास्त्राकडेही नाही, त्यामुळे मी घाबरवत नाही. पण भंडाऱ्याच्या मे महिन्यात दुपारभर उन्हात तापलेली बाटली मी आता घेत नाही. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ हे लेबलवर काही शोभेसाठी छापत नाहीत.

राहिला खर्च. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरल्यावर ‘रेल नीर’ची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांवर आली. याच भावानं चौघांच्या घरानं माणशी तीन लिटर पाणी विकत प्यायलं तर रोजचे १६८ रुपये, महिन्याचे ५,०४०. तेवढ्यात नागपुरात कॉट बेसिसवर राहता येतं. बाटली प्रवासापुरती ठीक, घरासाठी ती कोणालाच परवडत नाही. म्हणून तर घराघरात जार शिरला.

नळाचं कार्ड

नळाबद्दल मात्र मला एक मस्त शोध लागला. म्हणजे गावातल्यांना तो माहीत असतो, आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना नसतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे ठीक. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. गावात जलसुरक्षक असतो, टीसीएल पावडर टाकणं आणि क्लोरिन उतरलं का ते तपासणं त्याच्याकडे. ही ‘ओटी टेस्ट’ दोन मिनिटांची आहे. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरिन आहे. २०१९ च्या जल जीवन मिशननंतर तर गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवायचं ठरलं. शिवाय भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेतच.

हे सगळं कागदावर जितकं छान दिसतं तितकं सगळीकडे चालतं, असं मी म्हणणार नाही. टीसीएलचं पोतं उघडं पडून निकामी झालेलं असू शकतं, पाइप गटारातून गेलेला असू शकतो. पण नळाचं पाणी खराब आलं तर मावशी ग्रामपंचायतीत जाऊन भांडू शकते, ग्रामसभेत कार्डाचा रंग विचारू शकते. जारवाल्या पोराला ती काय विचारणार? तो उद्यापासून येणारच नाही. आणि ज्यांचं ऐकलं जातं ती चार घरं जारवर गेली, की नळासाठी भांडायला उरतं कोण?

आता आपली पाळी

इथे नागपूरकरांनो, जरा खुर्ची सरसावून बसा. भंडारा शहराला वैनगंगेचं पाणी मिळतं. आपली नाग नदी शहरातून जाताना काय काय घेऊन जाते, हे कुठल्याही पुलावर नाक उघडं ठेवलं की कळतं. काही सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, पण सगळं नाही. उरलेलं घेऊन नाग कुही तालुक्यात कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला. वीकएंडला नवा पूल बघायला आणि रील काढायला जातो ना आपण, तेच अंभोरा.

अंभोरा भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे, मग भंडाऱ्याला काय त्रास? त्रास असा, की त्याच्याही खाली गोसीखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलं होतं. धरणात पाणी अडलं की ते मागे फुगत येतं, थेट भंडाऱ्यापर्यंत. वाहती नदी धुऊन निघते, थांबलेली नाही. म्हणून भंडाऱ्यात वैनगंगेवर जलपर्णी, म्हणून पाण्याच्या तक्रारी, आणि म्हणून घरोघर जार आणि आरओ. नाग नदी स्वच्छ करण्याची योजना मंजूर आहे, खर्च दोन हजार कोटींच्या घरात. ती होईल तेव्हा होईल. तोवर धरमपेठेतल्या कॅफेत बसून आपण बाटली फोडतो, आणि आपलं वापरलेलं पाणी ज्यांच्या नदीत जातं त्यांनाही बाटली विकत घ्यायला लावतो.

उकळल्यानं जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार, फ्लोराइड किंवा रसायनं जात नाहीत. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता फिल्टर?’ हा नाहीच. माझ्या नळात पाणी येतं कुठून, विहिरीचं, बोअरचं की नदीचं, हे आधी विचारायचं. मग एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं. आरओ गरजेचा की नुसतं उकळणं पुरे, हे तो रिपोर्ट सांगेल, टीव्हीवरची हिरोईन नाही. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं. कारण आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो.

आणि हो, तो गुंड! भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे मावशीकडे तो असणारच. मला वाटायचं नॉस्टॅल्जिया. पण २००५ मध्ये ब्रिटनच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले ई-कोलाय जंतू ४८ तासांत मरतात. पितळेतलं तांबं अगदी थोडं पाण्यात उतरतं आणि त्यांचा निकाल लावतं. जंतूंचाच फक्त, रसायनांचा नाही, आणि त्यासाठी दोन दिवस थांबावं लागतं. मावशी गुंड रोज सकाळी घासते आणि रोज ताजं पाणी भरते. मी तिला ४८ तासांचं सांगितलं. ‘दोन दिवसाचं शिळं पाणी पिऊ?’ म्हणाली आणि घासत राहिली.

कार्डाच्या रंगाचं मात्र तिनं मनावर घेतलंय. पुढच्या ग्रामसभेत विचारते म्हणाली.

परतताना हायवेवरच्या ढाब्यावर थांबले. पोरगा आला. ‘ताई, बिसलेरी की साधं?’ मी म्हटलं, ‘साधं कुठलं आहे? नळाचं, बोअरचं की जारचं?’ तो क्षणभर थांबला आणि विचारून येतो म्हणून आत गेला. शेवभाजी आली, रोट्या आल्या, ताकही आलं. तो मात्र आला नाही.