कातळाखालचे फुरसे

१८६२ सालच्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातील सरकारी कचेऱ्यांपुढे जी गर्दी लोटली, ती साऱ्याच्या भरण्यासाठी नव्हती. मारलेल्या फुरशामागे सरकारी खजिन्यातून बक्षीस मिळते ही वार्ता गावोगाव पोहोचली होती, आणि जेमतेम आठवडाभरात एक लाख पंधरा हजारांहून अधिक मृत फुरशांची मोजदाद करण्याचा प्रसंग बिचाऱ्या कारकुनांवर ओढवला. एका सहा वर्षांच्या अवधीत तर वार्षिक सरासरी सव्वादोन लाखांवर गेल्याची नोंद आहे. हे आकडे सर्पशास्त्रात टिकून राहिले, ते जी. डब्ल्यू. विडाल या सनदी नोकराच्या चिकाटीमुळे. दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी सिद्ध करणाऱ्या या गृहस्थाने सापांकडेही तितक्याच बारकाईने पाहिले, आणि मुंबई इलाख्यात सर्वाधिक माणसे दगावतात ती नागाने नव्हे, तर या हातभर लांबीच्या क्षुद्र दिसणाऱ्या जीवामुळे, असा निष्कर्ष मांडला. निसर्गशास्त्राचे पहिले दफ्तर असे कित्येकदा भलत्याच खात्यात सापडते.

एवढी फुरशी आली कोठून, याचे उत्तर त्या जिल्ह्याच्या भूमीत आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले हा आजच्या सिंधुदुर्गातील किनाराही तेव्हा रत्नागिरीतच मोडत असे. आणि या साऱ्या प्रदेशाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे पसरलेले आहेत. चैत्र-वैशाखात पाय ठेववत नाही इतका तापणारा, आषाढात पाण्याने भरून श्रावणात इवल्याशा फुलांनी झाकला जाणारा हा कातळ वरून निर्जीव भासला, तरी जांभा मुळात सच्छिद्र आहे. त्याच्या भेगांत, सुट्या धोंड्यांखाली, आणि माणसाने त्याच दगडांनी रचलेल्या गडग्यांच्या पोकळ्यांत सावली, ओल आणि भक्ष्य या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. विंचू, गोम, लहान बेडूक, पाली, उंदराची पिले असा फुरशाचा आहार. तेव्हा कलमांच्या बागेभोवती गडगा घालणारा बागायतदार नकळत त्याची वसाहतच बांधून देत आला आहे.

देहाची रचनाही पाहण्यासारखी आहे. लांबी साधारणपणे फूट-दीड फूट, रंग मातकट तपकिरी, म्हणजे जांभ्याच्या धुळीत हरवून जाणारा. डोके त्रिकोणी, त्यावर बाणाच्या किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण, डोळे शरीराच्या मानाने मोठे आणि बाहुली उभी. पण खरे नवल कुशीवरच्या खवल्यांत आहे. हे खवले तिरके बसलेले असून प्रत्येकाच्या कण्याला करवतीसारखे दाते असतात. डिवचले गेले की फुरसे इंग्रजी आठासारखी वेटोळी करून ती एकमेकांवर अखंड घासत राहते, आणि तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा खरखरीत आवाज निघतो. तोंडाने फूत्कार टाकताना श्वासाबरोबर जी ओल बाहेर पडते, ती रुक्ष प्रदेशातल्या प्राण्याने या युक्तीने वाचवली असावी, असे एक अनुमान आहे. ‘फुरसे’ हे नावही त्या फुरफुरीवरूनच पडले असावे, असे मला आपले वाटते. व्युत्पत्तीच्या पंडितांनी त्याबद्दल माझ्यावर फिर्याद करू नये.

हा साप अंडी घालत नाही. गर्भ मातेच्या पोटातच वाढून पिले जन्मतात, उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत, एका वेळी तीनपासून पंधरापर्यंत आणि क्वचित त्याहूनही अधिक. भर पावसात सडा पाण्याखाली गेला की फुरशी झुडपांच्या फांद्यांवर चढून बसतात, म्हणून गवत कापणाऱ्याचा हात तेवढ्या काळात पायाइतकाच धोक्यात असतो.

शास्त्राला या सापाची ओळख मात्र कोकणातून झाली नाही. पॅट्रिक रसेलने १७९६ च्या आपल्या ग्रंथात तमिळ प्रदेशातील आरणीच्या एका नमुन्याचे वर्णन केले, आणि १८०१ मध्ये श्नायडरने त्याच आधारावर ‘कॅरिनाटा’ हे लॅटिन नाव दिले. आजचे ‘एकिस कॅरिनाटस’ त्यातूनच आले.

विषाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नागदंशाने श्वास कोंडून माणूस काही तासांत जातो. फुरशाच्या दंशात मृत्यू येतो तेव्हा तो बहुधा रेंगाळत, कित्येकदा काही दिवसांनी येतो, आणि हेच रेंगाळणे मांत्रिकाच्या पथ्यावर पडत आले. या विषातील एकॅरिन नावाचा घटक रक्तातील प्रोथ्रॉम्बिनला चेतवतो. परिणामी रक्त गोठवणारी सामग्री शरीरभर व्यर्थ खर्ची पडते आणि शेवटी खजिना रिता झाला की हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतूनही रक्त वाहू लागते. म्हणूनच रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी तिरकी करून ते गोठले की नाही एवढे पाहायचे, ही साधी चाचणी तालुक्याच्या दवाखान्यातही प्राण वाचवू शकते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात याच लसीमुळे घरोघरी झाले.

गंमत अशी की फुरशाच्या त्याच विषात एकिस्टॅटिन नावाचे दुसरे द्रव्य आहे, जे रक्तातील बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या रेणूचा अभ्यास करून रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान हे औषध घडवले. १९९८ पासून ते हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जात आहे.

बक्षिसाची ती पद्धत केव्हाच इतिहासजमा झाली आणि फुरसे अद्याप सड्यावर आहे. दरसाल लाखांच्या हिशेबाने मारूनही ते हटले नाही, कारण त्याचे घर शाबूत होते. आता जांभा यंत्राने चिरला जातो आणि मालमोटारी भरभरून चिरे घाटावर जातात. खाणीवरचा जाणता कामगार मात्र सुटा धोंडा अजूनही थेट हाताने उचलत नाही. पहारीच्या टोकाने तो आधी आपल्या बाजूने उघडा न करता पलीकडून उचलतो, क्षणभर थांबून कान देतो, आणि मगच वाकतो.