आठवा सर्व्हर राहिला आणि…

परीक्षेत सात प्रश्न अचूक सोडवले आणि आठवा राहून गेला, तर काय होतं? फार तर पाच-दहा गुण जातात. पण आठांतलं एक काम राहिलं म्हणून एका कंपनीचे पाऊण तासात ४६ कोटी डॉलर बुडाले, असं सांगितलं तर? थाप वाटेल! पण हे खरंच घडलं आहे.

गोष्ट अमेरिकेतली. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी होती. तिच्या एका महत्त्वाच्या कामाला आठ सर्व्हर होते. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची कामं सतत करून देणारा संगणक. जुलै २०१२ च्या अखेरीस या आठांवर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता. तंत्रज्ञाने तो सात सर्व्हरवर चढवला. आठवा राहिला! दुसऱ्या कुणी तपासूनही पाहिलं नाही.

त्या आठव्यावर २००३ पासून पडून असलेला एक जुना प्रोग्रॅम होता. गंमत अशी, की नव्या प्रोग्रॅमला कामाला लावायची खूण आणि या जुन्याची खूण एकच होती. १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडला. खूण मिळताच सातांनी नवं काम सुरू केलं आणि आठव्यावरचा तो कुंभकर्ण जागा झाला! मागितलेले शेअर घेऊन झाले, आता थांबायचं, हे त्याला कळेचना. आलेल्या ऑर्डरी होत्या २१२. त्यांच्यापायी ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले.

कंपनीत एकच धावपळ उडाली. कुणाला वाटलं, नवा प्रोग्रॅमच बिघडलाय. म्हणून सातांवरून तो काढून टाकला. झालं! आता तेही आठव्यासारखे वागू लागले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पुढच्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

तुम्ही म्हणाल, तंत्रज्ञ फारच वेंधळा होता. पण जरा विचार करा. तेच काम हाताने पुन्हा पुन्हा करताना आपण कधीच चुकत नाही का? खरी चूक पद्धतीत होती. एकाच माणसाच्या आठवणीवर सगळं सोपवलं होतं.

यावर उपाय म्हणजे डिप्लॉयमेंट पाइपलाइन. तयार झालेला प्रोग्रॅम लोकांच्या वापरात आणणं म्हणजे डिप्लॉयमेंट. पाइपलाइनमध्ये हे काम टप्प्याटप्प्याने आपोआप होतं. प्रोग्रॅमरने बदल लिहून पाठवला, की आधी चाचण्या होतात. एकही चाचणी फसली, की गाडी तिथेच थांबते. सगळ्या पास झाल्या, की प्रोग्रॅम कंटेनरमध्ये भरला जातो आणि सर्व्हरकडे रवाना होतो.

कंटेनर? हो, न्हावा-शेवा बंदरातून ट्रेलरवर लादून येतात ना, त्या लोखंडी पेट्यांवरूनच हे नाव आलं. पूर्वी जहाजावर पोती, पिंपं, खोकी सुटीसुटी चढवावी लागत. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराच्या 'आयडियल एक्स' जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. पेटीत काय आहे याची क्रेनला फिकीर नाही. पेटी उचलायची नि ठेवायची!

२०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'मुळे प्रोग्रॅमच्या कंटेनरचा वापर झपाट्याने वाढला. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फायली एकाच पेटीत. त्यामुळे "माझ्या संगणकावर तर छान चालतं, तुमच्याकडे का नाही?" हे भांडण बरंच कमी झालं.

पण पेट्या असंख्य झाल्या तर सांभाळणार कोण? त्यासाठी गूगलने २०१४ मध्ये 'कुबरनेटीस' आणलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याला फक्त सांगायचं, "या नव्या प्रोग्रॅमच्या आठ प्रती चालू हव्यात." मग तो सारखी मोजदाद करतो. सातच सापडल्या, तर आठवी स्वतः सुरू करतो! नव्यात खोट निघाली, तर जुनी पेटी राखून ठेवलेली असते. एका आज्ञेसरशी ती परत लावता येते. हे सगळं नाइट कॅपिटलकडे असतं, तर आठवा सर्व्हर विसरायला फारसा वावच राहिला नसता.

मग काय, यंत्रावर सोपवून खुशाल झोपायचं? छे! यंत्र बरोबर गोष्ट जितक्या वेगाने पोचवतं, तितक्याच वेगाने चूकही पोचवतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक सदोष फाइल एकदमच सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. विमानं रद्द झाली, इस्पितळांची कामं अडली.

म्हणून हुशार मंडळी नवा प्रोग्रॅम आधी थोड्याच लोकांना देतात. या युक्तीचं नाव 'कॅनरी'. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत. विषारी वायूचा त्रास माणसाआधी त्या इवल्या पक्ष्याला होई आणि खाणकामगार सावध होत. थोड्यांना देऊन सगळं ठीक दिसलं, तरच नवा प्रोग्रॅम पुढे जातो.

पण चाचण्या कोणत्या घ्यायच्या, कुठे थांबायचं, हे यंत्राला शिकवतं कोण? माणूसच! तेव्हा पुढच्या परीक्षेत शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि पेपर चाळून पाहा. आठवा प्रश्न राहिला तर नाही ना?