हवेची फळी घेताना छपाई नव्हे, कापड पाहा

कापडाच्या धंद्यात आयुष्य गेले. गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग भाव करते आणि सर्वांत शेवटी कापडाला हात लावते. खरे म्हणजे क्रम याच्या अगदी उलट हवा. ही गोष्ट केवळ साडी-सूटपुरती नाही, पाण्यावर चालणाऱ्या एका नव्या वस्तूलाही ती तितकीच लागू आहे, हे गेल्या उन्हाळ्यात घरातच कळले.

माझ्या भाच्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी पैसे जमवून मोबाइलवरून एक पॅडलबोर्ड मागवला. पॅडलबोर्ड म्हणजे लांबट फळी. तिच्यावर उभे राहायचे आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मारत पुढे जायचे. हवा भरायचा बोर्ड गुंडाळून पिशवीत मावतो, एस.टी.त नेता येतो. ही मुले मालवणजवळ तारकर्लीला गेली असताना खाडीत एकदा अशा बोर्डावर उभी राहून आली होती, तेव्हापासून डोक्यात तेच. माल आला. निळा-हिरवा रंग, झकास छपाई. गच्चीवर हवा भरली, फोटो काढले आणि बोर्ड तसाच उन्हात टाकून मंडळी जेवायला बसली. थोड्याच वेळात मोठा आवाज झाला. जाऊन पाहतो तो एका बाजूचा जोड हातभर उकललेला. विकणाऱ्याने नंतर फोनही उचलला नाही.

"मामू, आता दुसरा घ्यायचा तर तुम्ही पाहून द्या," भाचा म्हणाला. मी म्हटले, "बाबा, मला यातले काय कळते?" पण उकललेल्या जोडातून आत नजर टाकली आणि लक्षात आले, की ही वस्तू आपल्याच तिजारतीतली आहे. आत कापड होते.

मखमलीचा भाऊ

मखमल कशी विणतात हे आपल्या मागवाल्या बांधवांना सांगायला नको. मागावर एकावर एक अशी दोन कापडे एकदम विणली जातात. तिसरा धागा वरच्या कापडातून खालच्यात आणि खालच्यातून वरच्यात जातो. मग मधोमध सुरी फिरते, धागे कापले जातात आणि लव असलेल्या दोन मखमली तयार होतात. हवेच्या बोर्डाचे कापड याच जातीचे. फरक इतकाच, की येथे सुरी फिरत नाही आणि मधले धागे चांगले चार ते सहा इंच लांब ठेवतात. या विणीला 'ड्रॉप-स्टिच' म्हणतात. कापड पॉलिस्टरचे असते आणि बाहेरून त्यावर पी.व्ही.सी.चा थर चढवतात.

हवा भरली की गाडीची ट्यूब गोल फुगते. बोर्ड तसा फुगत नाही, कारण आतले हजारो धागे दोन्ही कापडांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवतात. म्हणून हवा भरूनही फळी सपाट आणि लाकडासारखी कडक राहते. हा हुन्नर आजचा नाही. अमेरिकेतील गुडइयर कंपनीने १९५६ साली अशाच कापडाचे पंख लावून हवा भरायचे एक छोटे विमान बनवून उडवले होते. उभे राहून वल्हवण्याचा खेळ हवाई बेटांतून जगभर पसरला आणि हे कापड त्याच्या कामी आले.

तेव्हा पहिली कसोटी कापडाची. जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड' असे लिहिलेले असते. त्या शब्दाला बाजारात काही माप नाही. विकणाऱ्याला विचारा, की थर एक आहे की दोन, आणि दुसरा थर हाताने गोंद लावून चिकटवला आहे की कारखान्यात यंत्राने उष्णता देऊन. एकेरी थराचा बोर्ड हलका आणि स्वस्त, पण लवकर वाकतो. हाताने चिकटवलेला दुहेरी थर मजबूत, पण जड, आणि गोंद कमी-जास्त झाला तर फुगवटे येतात. यंत्राने एकजीव केलेला दुहेरी थर वजन आणि मजबुती या दोन्ही बाबतीत मधला मार्ग आहे. नवशिक्याने शक्यतो तोच घ्यावा.

दुसरी कसोटी कडेच्या जोडाची. कापड कितीही चांगले असले तरी कपडा शिवणीत फाटतो, बोर्डही जोडातच जातो. कडेची पट्टी सरळ आहे का, तिच्यावर दुसरी पट्टी आहे का, नख लावल्यावर कोठे उचलते का, गोंदाचे ओघळ दिसतात का, हे बोटाने चाचपून पाहावे. उष्णतेने जुळवलेला जोड निव्वळ गोंदाच्या जोडापेक्षा उन्हात जास्त टिकतो. वऱ्हाडच्या उन्हात राहणाऱ्यांनी ही बाब विसरू नये.

माप कोणते घ्यावे

नवशिक्याला आणि सुटीच्या दिवशी मौजेने पाण्यावर जाणाऱ्याला लांबी १० फूट ६ इंचांच्या आसपास, रुंदी ३२ ते ३४ इंच आणि जाडी ६ इंच असा बोर्ड पुरतो. रुंदी जास्त असेल तर तोल सावरतो, मात्र वेग कमी होतो. शिकताना वेगाचे काम नाही. ४ इंच जाडीचा माल स्वस्त मिळतो, पण ८०-८५ किलोचा माणूस मध्ये उभा राहिला की त्याला खाटेसारखा झोळ पडतो आणि पाय डगमगतात. येथे पैसे वाचवू नयेत.

वजनाचा हिशेब स्वतः करावा. वरील मापाच्या बोर्डात साधारण ३०० लिटर हवा मावते, म्हणजे तो पूर्ण बुडायला सुमारे ३०० किलो भार लागेल. पण बुडणे वेगळे आणि त्यावर नीट उभे राहणे वेगळे. उभे राहायचे असेल तर माणूस आणि सामान मिळून या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या फार पुढे जाऊ नये. पिशवीवर मोठा आकडा छापला म्हणून दोघा-तिघांनी चढू नये.

खाली मागच्या बाजूला कल्ल्यासारख्या पट्ट्या असतात, त्यांना फिन म्हणतात. त्यांच्यामुळे बोर्ड सरळ चालतो. मधली मोठी फिन काढता-घालता येणारी असावी. वल्हे ॲल्युमिनियमचे स्वस्त असते पण जड, आणि तासाभरात खांदे भरून येतात. फायबरग्लासचे थोडे महाग पडले तरी परवडते. वल्ह्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा ८ ते १० इंच जास्त ठेवावी. वल्ह्याचे पाते थोडे तिरके असते. त्याचा कल पुढच्या दिशेने हवा. निम्मे नवशिके ते उलटे धरतात.

हवा आणि ऊन

बोर्डात साधारण १२ ते १५ पौंड दाब भरतात. मोटारीच्या चाकात तीसच्या वर असतो, त्यामानाने हा कमी. पण हाताच्या पंपाने भरताना घाम निघतो. सुरुवातीला बराच वेळ काटा हलत नाही. पंप बिघडला असे समजून मुले तेथेच थांबतात आणि मऊ बोर्ड पाण्यात टाकतात. काटा नंतर चढतो, धीर धरावा. आठ-दहा पौंडांवर थांबलात तर सहा इंची बोर्डही चार इंचीसारखा वागेल.

आता आमच्या गच्चीवरचा प्रकार. सकाळी २५ अंशांत १५ पौंड हवा भरली आणि उन्हात आतली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब १८ पौंडांच्या पुढे जातो. चांगला जोड तेवढे सोसून नेईल, कच्चा जोड उकलेल. माल हलका होता हे खरे, पण चूक मुलांचीही होती. पाण्याबाहेर काढला की बोर्ड सावलीत ठेवावा आणि दोन-चार पौंड हवा सोडून द्यावी. हा नियम कितीही महाग बोर्ड घेतला तरी लागू आहे.

माल घरी आला की बिल जपून ठेवावे आणि पाण्यात नेण्याआधी परीक्षा घ्यावी. सावलीत पूर्ण हवा भरून २४ तास ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाब मोजावा, कारण थंडाव्याने काटा आपोआप थोडा उतरतो. कडांवर साबणाचे पाणी फिरवावे, बुडबुडे आले तर माल परत करावा. घडी करण्याआधी पुसून कोरडा करावा. दरवेळी त्याच घडीवर दुमडू नये, आणि गोदामात उंदरांपासून सांभाळावा.

जीव आधी, मौज नंतर

बोर्डापेक्षा आधी लाइफ जॅकेट घ्यावे. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असते. ज्याला पोहता येत नाही त्याने आधी पोहणे शिकावे आणि त्यानंतरही सुरुवातीला १०० न्यूटनचे जॅकेट वापरावे. बोर्डाला पाय बांधणारी दोरी असते, तिला लीश म्हणतात. शांत तलावात ती पायाला बांधावी, म्हणजे पडल्यावर बोर्ड हातचा जात नाही. वाहत्या पाण्यात मात्र पायाची दोरी झाडाझुडपात अडकून जीव घेऊ शकते. तेथे कमरेची, एका झटक्यात सुटणारी दोरीच लागते. नवशिक्याने वाहत्या पाण्यात जाऊच नये. पावसाळ्यात पैनगंगेवर असले धाडस कोणी करू नये.

लुंगी, लांब ओढणी, बुरखा, सैल कुर्ता भिजला की जड होतो आणि पायात गुंततो. स्त्रियांसाठी आणि मुलींसाठी अंगभर झाकणारे पोहण्याचे तंग नसलेले, पण हलके पोशाख मिळतात, ते घ्यावेत. आधी गुडघ्यांवर बसून वल्हवावे, तोल जमला की उभे राहावे. पडायचेच तर बोर्डापासून दूर, आडवे पडावे. जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. वारा चढला तर पोटावर पडून हाताने वल्हवावे, पण बोर्ड सोडून पोहत किनाऱ्याकडे निघू नये. बोर्ड बुडत नाही, दमलेला माणूस बुडतो.

धरणाच्या पाण्याचे आणखी वेगळे धोके आहेत. पाणी उतरले की खाली बुडालेल्या बाभळीचे काटे आणि खुंट वर येतात, मच्छीमार भोई बांधवांची जाळी पसरलेली असतात, पंपांचे आणि दरवाजांचे भाग असतात. शिवाय वाशिम शहराला पिण्याचे पाणी एकबुर्जी जलाशयातून मिळते. असे पाणी कोणाच्या मौजेचे साधन नव्हे. एकबुर्जी असो की कारंज्याकडचा अडाण प्रकल्प, पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय उतरू नये. शिकण्यासाठी तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, खाडीच्या शांत पाण्यात दोन दिवस घालवणे चांगले. किनाऱ्यावरचे असे खेळ पावसाळ्यात बंद असतात, हे ध्यानात ठेवून बेत आखावा.

धंदा करू पाहणाऱ्यांसाठी

भाच्याच्या मित्रांचा विचार चार बोर्ड घेऊन भाड्याने देण्याचा होता. मी रोखले. घरगुती वापरासाठी घेतलेल्या बोर्डाची हमी भाड्याच्या वापराला बहुधा लागू नसते. परवानगी, विमा, जॅकेटे, पोहणारा राखणदार हे सर्व जमल्याशिवाय पैसा गुंतवला तर मुद्दलही जाईल आणि एखाद्याचा जीव गेला तर ते ओझे जन्मभर उतरणार नाही.

मात्र कारागिरांना येथे काम आहे. पंक्चरवाल्या बांधवांनी एक ध्यानात ठेवावे, सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन पी.व्ही.सी.वर टिकत नाही. त्याला पी.व्ही.सी.चाच तुकडा आणि पी.व्ही.सी.साठीचा गोंद लागतो. जागा घासून, पुसून, दोन्ही बाजूंना गोंद लावावा, तो किंचित सुकू द्यावा, मग दाबून एक दिवस वजनाखाली ठेवावे. रेक्झिन आणि ताडपत्रीचे काम करणाऱ्याच्या हाताला हे सहज जमेल. तसेच केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक कापडासाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. मखमलीची वीण जाणणाऱ्या हातांनी या दिशेला नजर टाकण्यास हरकत नाही.

दुसरा बोर्ड आला तेव्हा भाच्याने खोके उघडले, छपाईकडे पाहिलेही नाही. जोडावर बोट फिरवले, दुकानाच्या काट्यावर वजन केले, रात्रभर हवा भरून ठेवली आणि उन्हाआधी ती सोडली. चार बोर्डांच्या जागी एकच घेतला, उरलेल्या पैशांत तीन जॅकेटे. माझ्या दृष्टीने तोच सौदा बरकतीचा.