कॅरिबियन समुद्रात जयणेने

चातुर्मास पूर्ण झाला, दिवाळीनंतरची दुकानातील गर्दी ओसरली, की व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत आखले जाऊ लागतात. ज्यांची मुले अमेरिकेत स्थिरावली आहेत, त्यांच्या घरी अलीकडे एक नवा प्रस्ताव येतो : डिसेंबरच्या सुटीत सर्वांनी कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावर जमावे आणि स्कुबा डायव्हिंग करावे. नातवंडे निळ्या पाण्याची छायाचित्रे दाखवतात. आजी-आजोबांचे प्रश्न मात्र निराळे असतात. तेथे खायचे काय? चौविहार कसा सांभाळायचा? आणि जीवांनी भरलेल्या पाण्यात केवळ मौजेसाठी उतरणे श्रावकाला शोभते काय? हे प्रश्न जुनाट ठरवून बाजूला सारण्याचे कारण नाही. बेट निवडायला याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’त विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकायिक जीवांमध्ये गणले आहे आणि शंख द्वींद्रियांमध्ये. आधुनिक प्राणिशास्त्र पोवळ्याला प्राण्यांची वसाहत मानते. काही मिलिमीटरचे असंख्य जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांवर घरे रचली जाऊन प्रवाळखडक उभा राहतो. वर्गवारी वेगळी असली, तरी ते सजीव आहे याविषयी दोन्ही परंपरांचे एकमत आहे. (नवरत्नांतील तांबडे पोवळे बहुतांशी भूमध्य समुद्रातले; कॅरिबियन खडक रचणारी पोवळी त्याहून वेगळ्या जातीची.) मोठ्या गोलाकार पोवळ्यांची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर, कधी त्याहूनही कमी. पायातील फिनचा एक बेसावध फटका अनेक वर्षांची वाढ मोडून टाकतो. म्हणून येथे जयणा हा शब्द केवळ उपाश्रयापुरता राहत नाही. पाण्यात शरीर तोलून धरणे, गुडघे न टेकणे, कशालाही हात न लावणे, हीच या खेळाची पहिली विद्या आहे.

बेटे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. मेक्सिकोचे कोझुमेल प्रवाहासाठी प्रसिद्ध आहे. पालांकारच्या खडकावरून पाणीच पाणबुड्याला वाहून नेते आणि नाव मागून येते. दृश्य अपूर्व असते, परंतु नवख्या माणसाला प्रवाहात तोल साधत नाही, आणि तोल गेला की धक्का पोवळ्यालाच बसतो. ग्रँड केमनचे पाणी स्वच्छ व शांत आहे. तेथील सर्वांत गाजलेला कार्यक्रम मात्र स्टिंगरे माशांना माकुळाचे तुकडे भरवण्याचा आहे. एका जीवाच्या करमणुकीसाठी दुसरा जीव हातात धरून तिसऱ्याला द्यायचा, हे आपल्या घरांत मुलांना कसे समजावणार? सॅबाचे पाण्याखालचे सुळके अनुभवी लोकांसाठीच. शिवाय जेमतेम 400 मीटरच्या धावपट्टीवर उतरण्याचे धैर्य घरातील ज्येष्ठांकडून अपेक्षिणे जरा जास्तच होईल. टोबॅगोचे आकर्षण वेगळे. शेजारच्या त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्याने डाळ, रोटी आणि चणे सहज मिळतात. स्पेसाइडजवळचे प्रचंड मेंदू-पोवळे पाहण्यासारखे आहे, पण तेथेही प्रवाह जोराचे असतात.

साऱ्यांचा विचार करता, प्रथमच जाणाऱ्या जैन कुटुंबाने बोनेरकडे वळावे. व्हेनेझुएलाच्या उत्तरेचे हे लहानसे बेट 2010 पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. भाल्याने मासे मारण्यास तेथे 1971 मध्येच बंदी झाली. 1975 मध्ये जिवंत वा मृत पोवळे काढून नेणे निषिद्ध ठरले. 1979 मध्ये भरतीरेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंतचा सभोवारचा समुद्र संरक्षित उद्यान झाला. पाणबुड्याला हातमोजे घालायलाही मनाई आहे, कारण हात उघडा असला की माणूस पोवळ्याला धरायला कचरतो. आल्यावर निसर्गशुल्क भरायचे, नियम ऐकायचे आणि पहिली बुडी तपासणीची मारायची. हा सारा शिस्तीचा खटाटोप आपल्या लोकांना परका वाटू नये.

दुसरी सोय अशी, की बहुतेक ठिकाणी नावेची गरजच नसते. रस्त्याच्या कडेला पिवळ्या दगडावर जागेचे नाव रंगवलेले असते. गाडी उभी करायची, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचे, आणि थोड्याच अंतरावर प्रवाळाचा उतार सुरू होतो. नावेचे वेळापत्रक पाळावे लागत नसल्याने दिवस आपल्या हाती राहतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तेथे सूर्यास्त वर्षभर साधारण सहा ते सातच्या दरम्यान होतो. सकाळी एक आणि दुपारी एक बुडी आटोपून चारपर्यंत घरी परतले, तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण निवांत होते. रात्रीच्या बुडीचा मोह चौविहार पाळणाऱ्यांनी सोडावा. काळोखात नवख्याचे पाय कशावर आदळतील याचा भरवसा नसतो, हे कारणही तेवढेच सबळ आहे.

भोजनाचा विचार हॉटेलच्या भरवशावर सोडू नये. स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरे बोनेरवर बरीच आहेत, तीच घ्यावीत. डाळी, पीठ, मसाले आणि खाकरे बरोबर न्यावेत, मात्र सीमाशुल्काचे नियम पाहून. फळे-भाज्या बाहेरून येतात, म्हणून महाग असतात. कॅरिबियन शाकाहारी ताटात रताळे, कसावा, याम ही कंदमुळे सर्रास येतात. भातात व उसळीत कांदा-लसूण असतोच. डच चीज दुकानोदुकानी दिसते, परंतु पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते, तेव्हा वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नये. निवडुंगाचे सूप नावाने निरुपद्रवी वाटते. त्यात बहुधा मांस वा मासे असतात. उलट ‘फुंची’ म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ती आपल्या तोंडाला सहज रुचते. आणखी एक गंमत : बोनेरच्या कोरड्या जमिनीत परंपरेने ज्वारी पिकते, आणि तिच्या कापणीचा ‘सिमादान’ हा तेथील मोठा लोकोत्सव आहे. सोलापूरच्या माणसाला तेथे परके वाटायचे कारण नाही.

एक पेच मात्र उरतो. हिंद-प्रशांत महासागरातील लायनफिश कॅरिबियनमध्ये पसरला आहे. त्याला तेथे नैसर्गिक शत्रू नाही आणि तो प्रवाळावरचे लहान मासे झपाट्याने फस्त करतो. म्हणून बोनेरवर प्रशिक्षित स्वयंसेवक भाल्याने त्याची शिकार करतात. एरवी निषिद्ध असलेल्या भाल्याला एवढ्याच कामासाठी मुभा आहे. पर्यटकालाही या कामाचे आमंत्रण मिळू शकते. ते नम्रपणे नाकारावे. सुटीवर आलेल्या श्रावकाने हातात भाला घेण्याचे कारण नाही. तसेच, ज्यांचा समुद्र उजाड होत आहे त्यांना उपदेश करण्याचेही कारण नाही. त्यांनी हे संकट ओढवून घेतलेले नाही आणि उपायही त्यांना सोपा राहिलेला नाही.

ऋतूच्या बाबतीत आपले पंचांग उपयोगी पडते. अटलांटिक चक्रीवादळांचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर, म्हणजे चातुर्मास जवळजवळ पूर्णपणे त्यात सामावतो. त्यानंतरचे महिने सुरक्षित. बोनेर तसेही वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर, दक्षिणेला आहे. पूर्ण अभय मात्र नाही : 1999 मध्ये लेनी वादळाच्या लाटांनी तेथील उथळ पाण्यातील पोवळ्यांची मोठी हानी केली होती. 2023 पासून पोवळ्यांचा एक संसर्गजन्य रोगही तेथे पोहोचला आहे. म्हणून एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना साहित्य निर्जंतुक करावे लागते. या कामात आळस करू नये.

तप आणि बुडी एकत्र करू नयेत. शरीरात पाणी कमी असले, की दाबामुळे होणाऱ्या विकाराचा धोका वाढू शकतो. उपवासाच्या दिवशी किनाऱ्यावरच बसावे. मुलांना दहाव्या वर्षापासून कनिष्ठ प्रमाणपत्र मिळते. मोठ्यांच्या प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असल्यास डॉक्टरांचा दाखला आधी घ्यावा. शिक्षण मात्र तेथे जाऊन घेण्यापेक्षा येथेच उरकावे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पाण्याखाली मुखवटा काढणे-घालणे मराठीत समजावून घेतलेले बरे. पाण्याची भीती कोणाला किती वाटते, हेही तेथेच कळते. ते कळण्यासाठी अर्धे जग ओलांडण्याची गरज नाही.

कागदपत्रांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. बोनेर नेदरलँड्सचे असले, तरी शेंगेन क्षेत्रात नाही, म्हणून त्याचे प्रवेशनियम स्वतंत्रपणे तपासावेत. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले, तरी भारतीय पासपोर्टधारकास अमेरिकी व्हिसा लागतो.

शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तास विमानात बसायचे नसते. तो दिवस दक्षिणेकडील मिठागरांसाठी ठेवावा. गुलाबी पाण्याची तळी, मिठाचे पांढरे ढीग आणि अंतरावर फ्लेमिंगोंचे थवे. तेथेच, किनाऱ्यालगत, मीठ उपसणाऱ्या गुलामांसाठी 1850 च्या सुमारास बांधलेल्या बुटक्या दगडी खोल्या अजून उभ्या आहेत. दारातून आत जाण्यासाठी मोठ्या माणसाला जवळजवळ रांगावे लागते.